मोकळा प्लॉट आणि टिटवीचा गुडघा

डोळे मिटा आणि एक कावळा आठवा. रोज सकाळी किचनच्या ग्रीलवर येऊन पोळीचा तुकडा मागणारा, आपल्या ओळखीचा. आता सांगा, त्याच्या मानेचा रंग कोणता?

काळा? तसंच वाटतं. 'काळाकुट्ट कावळा' हे आपण बोबडं बोलत होतो तेव्हापासून ऐकत आलोय. पण ग्रीलवर येतो तो गावकावळा, आणि त्याची मान आणि छाती चक्क राखाडी असते. सगळा काळा असतो तो डोमकावळा. तो अंगाने मोठा आणि चोचीने जाड. हा प्रश्न मी ऑफिसात लंचला बऱ्याच जणांना विचारून बघितलाय. चांगली हुशार माणसं, रात्री दोन वाजता दुसऱ्याच्या कोडमधली रेस कंडिशन हुडकून काढणारी. बहुतेकांनी काळा सांगितलं, दोघांनी तर पैज लावली. (दोन चहा मिळाले. :-) )

यात त्यांचा दोष नाही. मेंदू कावळा साठवत नाही, कावळ्याचा पॉइंटर साठवतो. 'कावळा' हा शब्द सापडला की काम झालं, मग आतल्या ऑब्जेक्टकडे बघायची गरजच पडत नाही. रस्ता ओलांडताना ही सोय फार उपयोगाची आहे. पण याच सोयीमुळे पंचवीस-तीस वर्षं रोज समोर येणारा प्राणी आपण एकदाही धड बघितलेला नसतो, आणि तरीही आपल्याला निसर्गाची आवड असते!

माझ्या मते यावर एक स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. चित्र काढायचं. फोटोवरून नाही; प्राणी जिवंत समोर असताना, तो हलत-खात-भांडत असताना, वहीत पेन्सिलीने. चित्र चांगलं आलं तर उत्तमच, पण नाही आलं तरी काम झालेलं असतं. माझ्या वह्या बघून आजवर कोणी 'वा' म्हटलेलं नाही आणि पुढेही म्हणेल असं लक्षण नाही.

'पण मला चित्रकला येत नाही' हे वाक्य इथे हमखास येतं. आपल्याकडे चित्रकला म्हणजे एलिमेंटरी-इंटरमिजिएट. बादली, तांब्या, तिरपं टेकवलेलं झाकण, पोस्टर कलरची वाळलेली बाटली, आणि दहावीला मिळणारे वाढीव गुण. निसर्गचित्र म्हणजे दोन डोंगर, मधून वर येणारा सूर्य, खाली नदी, कडेला झोपडी आणि आभाळात बरोबरच्या खुणेसारखे चार पक्षी. ते पक्षी कोणत्या जातीचे, हे विचारायची सोय नाही. बेटी एडवर्ड्स नावाच्या बाईंचं चित्रकला शिकवणारं एक पुस्तक १९७९ मध्ये आलं आणि जगभर खपलं. त्यांचं सांगणं साधारण असं की आपण समोर दिसतं ते काढतच नाही, आपल्याला माहीत असलेली खूण काढतो. डोळा म्हणजे बदामाचा आकार आणि मध्ये गोल, पक्षी म्हणजे बरोबरची खूण. म्हणजे अडचण हातात नसून बघण्यात आहे. त्या पुस्तकातल्या उजव्या-डाव्या मेंदूच्या गोष्टी आता फारशा टिकलेल्या नाहीत, पण हा मुद्दा मला अजूनही पक्का वाटतो.

असो. आता धायरीत कसलं आलंय वाइल्डलाइफ, असं कोणी म्हणेल. फाट्यावरचं ट्रॅफिक हाच इथला सगळ्यात हिंस्र प्राणी, हे मान्य. उरलेली धायरी २०१७ मध्ये महापालिकेत आली, त्याच्या कितीतरी आधीपासून मळ्यांच्या जागी सोसायट्या उभ्या राहायला लागल्या होत्या. रायकर मळा, बेनकर वस्ती ही नावं पत्त्यात राहिली. पण शहर असं अर्धवट असतं तेव्हाच त्यात फटी असतात. खडकवासल्याहून पुण्याकडे जाणारा मुठा उजवा कालवा, डोंगराच्या उतारावरची खुरटी झुडपं, पाया खणून थांबलेली बांधकामं आणि त्यात साठलेलं पाणी, आणि जागोजागी मोकळे प्लॉट. रविवारी सकाळी तासाभरात टिटवी, वंचक, वेडा राघू, कोतवाल, खंड्या, चीरक आणि घारी एवढी मंडळी गाडी न काढता भेटतात. सरडे वेगळेच.

यातली टिटवी घ्या. काळं डोकं, डोळ्यापुढे लाल मांसल पाळी, लाल चोच, लांब पिवळे पाय, आणि ओरडायला लागली की सगळी गल्ली जागी. एवढं वर्णन पाठ केलं की टिटवी ओळखता येते. पण तिचे पाय कागदावर काढायला घेतलेत की गाडी अडते. पाय मध्येच वाकतो, आणि वाकतो तो मागे! आपला गुडघा पुढे वाकतो, मग हिचाच उलटा कसा? पेन्सिल तिथेच थांबते. मग तुम्ही ती चालताना बघता, बसताना बघता, एका पायावर उभी असताना दुसरा कुठे गेला ते बघता. आणि कधीतरी उलगडतं (किंवा घरी जाऊन पुस्तकात सापडतं) की तो गुडघा नव्हेच, तो घोटा. खरा गुडघा वर पोटाजवळच्या पिसांत लपलेला असतो आणि तो आपल्यासारखा पुढेच वाकतो. टिटवी जन्मभर टाच उचलून, फक्त बोटांवर चालत असते. आपल्याला जी तिची नडगी वाटते तो खरं तर तिच्या पावलाचा भाग. शाळेत जीवशास्त्राच्या तासाला हे कोणी सांगितलं असेलही. पण पेन्सिल अडल्यामुळे कळलेली गोष्ट विसरली जात नाही, कारण उत्तराच्या आधी प्रश्न आपला आपल्याला पडलेला असतो.

फोटो बघताना हा प्रश्न पडत नाही. फोटोत पाय आहेत, ते मागे वाकलेत, छान दिसतायत, पुढचा फोटो. नुसतं बघणाऱ्याला सगळं चालतं. काढणाऱ्याला प्रत्येक रेघेपाशी 'इथून कुठे?' हे ठरवावंच लागतं. कोड रिव्ह्यू करताना डोळे फिरवून 'ठीक आहे' म्हणणं आणि तेच फंक्शन कोऱ्या पानापासून स्वतः लिहिणं, यात जो फरक आहे तोच. रिव्ह्यूमध्ये सगळं समजल्यासारखं वाटतं. लिहायला बसलं की कळतं काय काय समजलं नव्हतं ते.

जिवंत प्राण्याचं चित्र काढण्यातली खरी मजा मात्र वेगळीच आहे. तो बसून राहत नाही. बादली आणि तांब्या तीन तास जागचे हलत नाहीत. वेडा राघू तीन सेकंदही नाही. तारेवर बसला, तुम्ही डोक्याचा गोल काढला, भुर्र. चिडायचं नाही. तो बहुतेक वेळा त्याच तारेवर, थोडं इकडे-तिकडे, परत येतो, कारण त्याची शिकारीची पद्धतच तशी आहे. तिथून झेप घ्यायची, हवेत किडा पकडायचा, परत येऊन बसायचं. माशी असली तर पटकन गिळतो. मधमाशी किंवा गांधीलमाशी असली तर तारेवर आपटून-घासून नांगीचा बंदोबस्त करतो आणि मग खातो. यात त्याला वेळ लागतो. म्हणजे तुम्हालाही तेवढा वेळ मिळतो! म्हणून एका पानावर चार-पाच अर्धवट राघू सुरू ठेवायचे. एक समोर बघणारा, एक पाठमोरा, एक मान वाकडी करून वर बघणारा, एक आपटणारा. तो ज्या पोझमध्ये परत येईल ते चित्र दोन रेघांनी पुढे न्यायचं. सकाळ संपेपर्यंत एखादं पूर्ण होतं, बाकीचे बिनशेपटीचे राहतात.

आता यात काय झालं बघा. चित्र पूर्ण व्हावं म्हणून तुम्ही वाट बघत होतात की तो परत कधी, कुठे, कसा बसेल. म्हणजे तुम्ही नकळत त्याच्या सवयी मोजत होतात. वाऱ्याकडे तोंड करून बसतो का? कोतवाल जवळ आला की सरकतो का? आपटतो ते नेहमी एकाच बाजूला का? याला फील्ड बायॉलॉजी म्हणायचं की टाइमपास, ते तुम्ही ठरवा.

आणि मध्ये एक सूक्ष्म गोष्ट घडत असते. कागदावर रेघ मारताना नजर खाली जाते. त्या दोन सेकंदांत पक्षी तुमच्या डोक्यातच असतो, बाहेर नाही. रेघ मारताना समजतं की डोक्यात काहीच उतरलेलं नाही, पंख कुठे संपला आणि शेपूट कुठे सुरू झाली ते माहीतच नाही. परत वर बघायचं. परत खाली. तासाभरात ही फेरी दोनशे वेळा होते, आणि हळूहळू ती दोन सेकंदांची रॅम वाढत जाते. नवख्याला चोचीचा कोन लक्षात ठेवता येतो. सरावाने अख्खी मान लक्षात राहायला लागते.

मानसशास्त्रात यावर थोडंफार काम झालेलं आहे. लिंडा हेंकल या अमेरिकन प्राध्यापिकेचा एक प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. म्युझियममध्ये लोकांना फिरवलं, काही वस्तूंचे फोटो काढायला सांगितले, काही नुसत्या बघायला. दुसऱ्या दिवशी फोटो काढलेल्या वस्तू लोकांना कमी आठवल्या. कॅमेऱ्याने लक्षात ठेवलंय म्हटल्यावर डोक्याने सुट्टी घेतली. गंमत म्हणजे एखाद्या भागावर झूम करून फोटो काढला तर हा तोटा दिसला नाही. उलट बाजूने, कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की एखादा शब्द लिहून ठेवण्यापेक्षा त्याचं चित्र काढलं तर तो जास्त चांगला लक्षात राहतो, आणि त्यात चित्र किती सुंदर आलं याचा फारसा संबंध नसतो. हे प्रयोग वस्तूंचे आणि शब्दांचे, वेड्या राघूंचे नाहीत, तेव्हा मी त्यावर फार मोठी इमारत बांधणार नाही. पण दिशा तीच आहे.

हे सगळं वाचून माझे कॅमेरेवाले मित्र भडकणार. त्यांच्यासाठी आधीच सांगतो, कॅमेरा वाईट अजिबात नाही. १८७८ मध्ये मायब्रिजने धावत्या घोड्याचे फोटो एकामागोमाग घेतले, तेव्हा शतकानुशतकं मोठमोठ्या चित्रकारांनी घोड्याची दौड कशी चुकीची काढली होती ते उघडं पडलं. पुढचे पाय पुढे, मागचे मागे, असा घोडा दौडताना हवेत नसतोच. तिथे डोळा हरला, कॅमेरा जिंकला. एखादा पक्षी अमुक दिवशी अमुक ठिकाणी होता याचा पुरावाही फोटोच देतो. माझ्या वहीतल्या राघूवर कोणी विश्वास ठेवणार नाही. माझी तक्रार आहे ती त्या छंदाला आलेल्या वळणाबद्दल. सिंहगड व्हॅलीत हिवाळ्यातल्या शनिवारी जाऊन बघा. तोफा लागल्यासारख्या टेलिफोटो लेन्स. स्वर्गीय नर्तक आला की कडकडाट, सेकंदाला वीस फ्रेम. तो गेला की स्क्रीनवर माना खाली. समोर कोरड्या फांदीवर बुलबुल काहीतरी विलक्षण करत असतो, पण बुलबुलाकडे बघायला कोणाला वेळ आहे? बुलबुल 'झालेला' असतो. ई-बर्डवर नोंद झालेली, फोल्डरमध्ये फोटो पडलेला.

कॅमेऱ्याला अपवाद लागतो, पेन्सिलीला सवय लागते. फोटोसाठी दुर्मीळ पक्षी, दुर्मीळ क्षण, सोनेरी उजेड हवा. चित्रासाठी तोच तो पक्षी, तेच ते करताना, पुन्हा पुन्हा हवा. त्यामुळे पेन्सिलवाल्याला भिगवण किंवा ताडोबा गाठायची निकड नसते आणि जवळ जायची घाईही नसते. उलट पक्षी बिचकला की चित्र गेलं, म्हणून तो आपणहून लांब बसतो.

आता एका गेंड्याची गोष्ट. दोन गेंड्यांची खरं तर.

पहिला गेंडा गुजरातचा. सुलतान दुसरा मुजफ्फरशाह याने तो पोर्तुगीजांना भेट दिला, तो गोव्यात आला, आणि जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून जहाजात चढून मे महिन्यात लिस्बनला उतरला. रोमन साम्राज्यानंतर युरोपने जिवंत गेंडा बघितलाच नव्हता, त्यामुळे बोलबाला झाला. न्यूरेंबर्गमध्ये बसलेल्या ड्यूरर या थोर जर्मन चित्रकाराकडे त्याचं वर्णन आणि एक कच्चं रेखाटन पोचलं. त्याने स्वतः तो गेंडा कधीही बघितला नाही. पण त्यावरून त्याने जे लाकडी ठशाचं चित्र केलं ते अफाट गाजलं. त्यात गेंड्याला लोखंडी चिलखत आहे, पायांवर खवले आहेत आणि खांद्यावर एक जादा पिळदार शिंग आहे. चित्र म्हणून ते जबरदस्तच आहे, आजही बघावं असं. पण ते शिंग पुढे अठराव्या शतकापर्यंत युरोपातल्या प्राण्यांच्या पुस्तकांतून नकला होत फिरत राहिलं. खरा गेंडा बिचारा १५१६ मध्ये पोपकडे नेताना इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाजासकट बुडाला.

दुसरा गेंडा आपल्या पुण्याचा. धायरीहून सिंहगड रोडने शहराकडे निघालात की शेवटी दांडेकर पूल आणि समोर पर्वती. पेशवाईत या पर्वतीच्या पायथ्याशी शिकारखाना होता, म्हणजे पेशव्यांचा प्राणिसंग्रह. तिथे गेंडा होता, आणि त्याचं नोव्हेंबर १७९० मधलं एक चित्र आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलेच्या संग्रहालयात आहे. ते काढलं पुण्याच्या गंगाराम चिंतामण तांबट (नवगिरे) यांनी. सवाई माधवरावांच्या दरबारातला इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट त्यांच्याकडून चित्रं काढून घेत असे. वेरूळच्या लेण्यांची मोजूनमापून काढलेली त्यांची चित्रं त्यासाठीचीच. पुढे जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यात आला तेव्हा त्याच्याबरोबरही त्यांनी काम केलं.

ड्यूररशी गंगाराम तांबटांची तुलना करायचा माझा विचार नाही, कलेच्या इतिहासात दोघांची जागा कुठे ते जाणकारांनी ठरवावं. मला एवढंच दिसतं की एका माणसाकडे प्रचंड प्रतिभा होती आणि गेंडा नव्हता. दुसऱ्याच्या समोर गेंडा होता. आणि पुण्यात राहून आपल्याला ड्यूररचा गेंडा माहीत असतो, पर्वतीचा नसतो. (आडनावावरून आठवलं, तांबट नावाचा पक्षीही धायरीत आहे. तांब्याच्या भांड्यावर हातोडी मारल्यासारखा दुपारभर टुक टुक करत असतो. हिरवा, कपाळ लाल. उंबर-वडाच्या पानांत असा मिसळून जातो की ऐकून वैताग यावा आणि दिसू नये.)

ड्यूररचा गेंडा मला अलीकडे फार आठवतो, कारण आता तसे गेंडे घाऊक तयार होतात. एआयला सांगा 'कालव्याकाठी टिटवी, पहाटेचा उजेड', पाच सेकंदांत देतो. देखणी असते. लाखो फोटो आणि चित्रं पचवून केलेली, पण कोणत्याही एका टिटवीसमोर न बसता केलेली. ऐकीव माहितीची सुंदर मांडणी. मी पोटापाण्यासाठी याच क्षेत्रात आहे, तेव्हा एआयला शिव्या द्यायचा मला अधिकार नाही आणि इच्छाही नाही. पण पूर्वी चुकीचं शिंग ओळखायला भारतातून गेंडा न्यावा लागत होता. आता टिटवी खिडकीबाहेर आहे आणि तरी शिंग ओळखू येणार नाही, अशी वेळ आपण आणून ठेवली आहे.

शब्दांतून बघणाऱ्यांतही मला पटतात ते वही घेऊन बसणारे. व्यंकटेश माडगूळकर मोठे लेखक, पण हातात चित्रकाराची पेन्सिलही होती. त्यांच्या जंगलावरच्या पुस्तकांत त्यांनी स्वतः केलेली रेखाटनं आहेत, आणि एका पुस्तकाचं तर नावच 'जनावनातली रेखाटणे'. 'सत्तांतर' या वानरांवरच्या छोट्या कादंबरीला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ती वाचताना जाणवतं की या माणसाने वानर कसा बसतो, शेपूट कुठे ठेवतो, पोर पोटाशी कसं धरतो हे आधी रेघेने बघितलंय. गद्यातसुद्धा विशेषणं कमी आणि आकार जास्त. पक्ष्यांची ओळखपुस्तकं घ्या. कॅमेरे एवढे पुढे गेले तरी त्यातल्या बऱ्याच उत्तम पुस्तकांत आजही हाताने काढलेली चित्रंच असतात. गोव्यात राहणारे कार्ल डिसिल्वा, जे २०१५ मध्ये गेले, त्यांनी भारतीय पक्ष्यांच्या अशा पुस्तकांसाठी कितीतरी प्लेट रंगवल्या. कारण सोपं आहे. फोटो एका पक्ष्याचा, एका क्षणाचा, एका उजेडाचा असतो. ओळखायला लागतो तो शंभर पक्षी बघून डोक्यात तयार झालेला पक्षी.

इतका वेळ मी याला 'बघण्याची पद्धत' म्हणतोय, पण माझ्यासाठी प्रकरण तेवढ्यावर राहिलेलं नाही.

आमच्या सोसायटीसमोर दीड-दोन एकरांचा एक प्लॉट होता. सगळे त्याला 'मोकळा प्लॉट' म्हणायचे. मोकळा म्हणजे त्यात काही नाही असा. बाजारात त्याची किंमतही तशीच ठरते, 'काही नाही' याची. माझ्या वह्यांत तीन उन्हाळे या प्लॉटची पानं आहेत, तारखांसकट. मार्चमध्ये टिटवी खड्यांत नुसता खळगा करून चार अंडी घालायची. घरटं वगैरे काही नाही, आणि अंडी खड्यांसारखीच ठिपक्याठिपक्यांची. दुर्बिणीतून एकदा नजर हलली की पुन्हा सापडायला दहा मिनिटं. भर दुपारी ती अंड्यांवर बसण्याऐवजी उभी राहून सावली धरायची. कालव्याकडून येताना पोटाची पिसं ओली करून आणायची आणि मग बसायची, म्हणजे कूलर. पिल्लं अंड्यातून बाहेर येऊन अंग वाळलं की लगेच पायांवर. घार वरून गेली की आई ओरडायची आणि पिल्लं जागच्या जागी दगड. हे सगळं चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीतून दिसत होतं, आणि बाल्कन्या काही माझ्या एकट्याच्या घराला नव्हत्या.

मागच्या दिवाळीनंतर प्लॉटला पत्रे लागले. सोसायटीच्या मीटिंगमध्ये चर्चा झाली ती धुळीवर, पार्किंगवर आणि आपला व्ह्यू जाणार यावर. सगळ्या रास्त तक्रारी. मी टिटवीचा विषय काढला तर एका काकांनी अगदी मनापासून विचारलं, "इथे पक्षी होते?" ते काका निसर्गप्रेमी आहेत, दर वर्षी जंगल सफारीला जातात. त्यांची टिंगल करायची नाही मला. त्यांना खरंच दिसले नव्हते. म्हणीतली टिटवी समुद्र आटवते म्हणे. आमच्या टिटवीला पत्रेही हटवता आले नाहीत.

बांधकाम थांबवा असं मी म्हणत नाही. मी ज्या इमारतीत राहतो तीही कोणाच्या तरी मळ्यावर आणि कोणाच्या तरी टिटवीवरच उभी आहे. पण जे कोणी कधी बघितलंच नाही, ते गेल्याची नोंद कोण करणार? आक्षेप घ्यायचा की नाही, प्लॉटचा एखादा कोपरा ठेवा म्हणायचं की नाही, विणीचा काळ संपेपर्यंत बुलडोझर थांबवा म्हणायचं की नाही, हे सगळं नंतरचं. त्याआधी तो प्लॉट मोकळा नव्हता हे चार माणसांना माहीत असावं लागतं. वन्यजीव म्हटलं की आपल्याला वाघ आठवतो, आणि वाघासाठी सह्या करायला सगळे तयार असतात. वाघाला कोणी 'मोकळं जंगल' म्हणत नाही.

एवढं वाचून कोणाला करून बघावंसं वाटलं तर थोडं व्यवहाराचं. वही साधी, कोरी, हातात मावेल अशी. पेन्सिल कोणतीही. खोडरबर घरी ठेवा. चुकलेल्या रेघेशेजारी दुसरी मारायची. आधी आख्ख्या अंगाचा कल आणि मानेचा बाक, तपशील सगळ्यात शेवटी. बहुतेक जण डोळ्यापासून सुरू करतात आणि डोळा होईपर्यंत पक्षी कात्रजला पोचलेला असतो. पहिल्याच दिवशी वेड्या राघूच्या नादी लागू नका, वंचक गाठा. कालव्याच्या काठी मान आखडून, खांद्यात डोकं घालून, पेन्शनर आजोबांसारखा बसलेला असतो तो. दहा-दहा मिनिटं हलत नाही. हिंदीत त्याला 'अंधा बगला' म्हणतात, कारण माणूस अगदी जवळ येईपर्यंत उडत नाही. शास्त्रात त्याची पहिली नोंद केली ती कर्नल साइक्स याने, १८३२ मध्ये, आपल्या दख्खनच्या पक्ष्यांच्या यादीत. म्हणजे हा जागतिक कीर्तीचा पक्षी आपल्याच भागातला.

बसलेला वंचक मातकट, चिखलाच्या रंगाचा, रेघारेघांचा. काठावर असला तरी दिसत नाही. आणि उडाला की एकदम पांढराशुभ्र, कारण पंख पांढरे आणि बसल्यावर ते सगळे झाकलेले. पेन्सिलीने हे दाखवणं अवघड आहे, मला अजून जमलेलं नाही. पावसाळा सुरू झाला की त्याची पाठ गडद तांबूस होते, डोकं-मान फिकट पिवळी, आणि तो ओळखू येत नाही इतका बदलतो. तेव्हा रंगपेटी घ्यायची असेल तर जून-जुलैची एखादी उघडीप बघा, आणि सकाळी साडेआठच्या आत जा. त्यानंतर कालव्याच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते.